चौदाव्या महिन्यात अर्धा पडदा काळा

प्रश्न: ऑक्टोबर २०२४ मध्ये, ऐन दिवाळीत, सासऱ्यांनी लातूरच्या दुकानातून ४३ इंची टीव्ही घेतला. बिल ३१,९९० रुपयांचं, त्यांच्याच नावावर. वॉरंटी एक वर्षाची. ऑगस्ट २०२५ मध्ये पडद्याच्या उजव्या बाजूला चित्र थरथरायला लागलं. टोल-फ्रीवर तक्रार दिली, कंपनीचा मुलगा आला, पेन ड्राइव्ह लावून सॉफ्टवेअर मारलं आणि गेला. थोडे दिवस बरं चाललं. डिसेंबरात उजवीकडं उभ्या रेघा आल्या आणि आठवडाभरात उजवा अर्धा पडदा काळा पडला. आवाज नीट येतोय. सर्व्हिस सेंटरवाले म्हणायलेत, पॅनेल गेलं, २२,५०० रुपये लागतील, वॉरंटी संपली, आणि तुमच्याकडं व्होल्टेज कमी-जास्त होतं म्हणून असं झालं. दुकानदार म्हणतो, आमचं काम विकायचं. तपासणीचे पैसे घेतले ते वेगळेच. भांडण्यात काही अर्थ आहे का, की एक्स्चेंजमध्ये देऊन मोकळं व्हावं?
– एक वाचक, उदगीर

उत्तर: ताई, एक्स्चेंजमध्ये देऊ नका. २२,५०० रुपये तर मुळीच भरू नका. त्यात थोडी भर घातली की नवा टीव्ही येतो, आणि पैसे भरून बसवलेल्या पॅनेलला, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या काचेच्या पडद्याला, बहुतेक कंपन्या काही महिन्यांचीच हमी देतात.

वॉरंटीबाहेरच्या वस्तूंच्या तक्रारी पुष्कळ असतात, पण त्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात बिलाशिवाय काही नसतं. तुमच्याकडं ऑगस्टची तक्रार आहे. तुमचं सगळं प्रकरण त्या एका तक्रारीवर उभं राहणार आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. पण त्याआधी पाच मिनिटांचं एक काम उरकून घ्या.

टीव्हीचं खोकं माळ्यावर असेल तर उतरवा. खोक्यावरचं स्टिकर, आतलं वॉरंटी कार्ड आणि बिलाची मागची बाजू नीट वाचा. दिवाळीच्या हंगामात काही कंपन्या ‘एक वर्ष संपूर्ण वॉरंटी, शिवाय पॅनेलवर एक वर्ष जादा’ अशी योजना देतात. ही जादा वॉरंटी कधी कार्डावर छापलेली असते, कधी फक्त जाहिरातीत किंवा कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या पानावर असते, आणि सर्व्हिस सेंटरचा संगणक नुसती बिलाची तारीख बघून ‘आउट ऑफ वॉरंटी’ म्हणून मोकळा होतो. टीव्हीच्या मागच्या लेबलवरचा पूर्ण मॉडेल नंबर घ्या, वेबसाइटवर शोधा, सापडलं तर पान उतरवून ठेवा. अशी योजना निघाली तर पुढचं सगळं वाचायची गरजच नाही. पॅनेल फुकट बसलं पाहिजे. दुकानदारानं त्या वेळी एक्स्टेंडेड वॉरंटीचे हजार-दोन हजार बिलात घातलेत का, तेही बघा. बिल भरणाऱ्यालाच ते माहीत नसतं, असंही होतं.

आता ऑगस्टची तक्रार. वॉरंटी म्हणजे कंपनीनं ठराविक मुदतीसाठी दिलेला फुकट दुरुस्तीचा शब्द. मुदतीत सांगितलेला दोष मुदतीत दूर झाला नसेल, तर तो शब्द पुरा झालेला नाही. कॅलेंडर पुढं सरकलं म्हणून कंपनी सुटत नाही. ऑगस्टमध्ये उजव्या बाजूला थरथर, डिसेंबरात उजव्या बाजूलाच रेघा, मग उजवीच बाजू काळी. हा एकच दोष वाढत गेलेला आहे. पण हे तुम्ही म्हणून भागत नाही, कंपनीच्या नोंदीत ते दिसलं पाहिजे. मोबाइलवर आलेला तक्रार क्रमांकाचा मेसेज शोधा, त्याचा स्क्रीनशॉट घ्या. आलेल्या मुलानं जॉब शीट, म्हणजे केलेल्या कामाचा कागद, दिली असेल तर त्यात दोषाच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. ‘डिस्प्ले फ्लिकर’ (चित्राची थरथर) किंवा तत्सम काही असेल तर फार उत्तम. नुसतं ‘सॉफ्टवेअर अपडेट, ओके’ असेल तरी घाबरू नका. तक्रार नोंदवताना तुम्ही फोनवर काय सांगितलं तेही त्यांच्या यंत्रणेत लिहिलेलं असतं. तुमच्या नोंदणीकृत मोबाइल नंबरवरच्या सगळ्या तक्रारींचा इतिहास ईमेलने मागा. त्या काळात काढलेला व्हिडिओ घरात कुणाच्या मोबाइलमध्ये असेल तर तो सोन्यासारखा जपा. तो व्हॉट्सॲपवर पुढं पाठवून मूळ डिलीट करू नका, कारण मूळ फाइलवर तारीख असते.

व्होल्टेजचं कारण मराठवाड्यात सगळ्यांना लगेच पटतं, कारण आपल्या विजेचे हाल आपल्याला ठाऊक आहेत. म्हणूनच ते सर्रास पुढं केलं जातं. टीव्हीच्या मागचं लेबल वाचा. बहुतेक एलईडी टीव्हींवर ‘१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं छापलेलं असतं. तसं तुमच्या टीव्हीवरही असेल तर संध्याकाळी मोटारी सुरू झाल्यावर व्होल्टेज १७० वर उतरलं म्हणून हा टीव्ही बिघडायचं कारण नाही. कंपनीनंच तो शंभरापासून चालेल असं लिहून दिलंय. जास्त व्होल्टेजची गोष्ट वेगळी. डीपीवरचा न्यूट्रल तुटला तर घरात तीनशेच्या वर व्होल्टेज येऊ शकतं, आणि तेव्हा पहिला मार टीव्हीला वीज पुरवणाऱ्या पॉवर बोर्डवर बसतो: फ्यूज उडतो, त्याच्या शेजारचा व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज अडवणारा छोटा भाग) फुटून काळा होतो, टीव्ही संपूर्ण बंद पडतो. लाल दिवासुद्धा लागत नाही. शिवाय त्याच दिवशी घरातले बल्ब, पंखा, शेजाऱ्यांचा फ्रिज यातलंही काही ना काही जातं. तुमच्या टीव्हीचा आवाज चालू आहे, डावा पडदा चालू आहे, म्हणजे पॉवर बोर्ड जिवंत आहे. व्होल्टेज येऊन नेमकी उजवी बाजू तेवढी खाऊन गेलं, हे पटवून द्यायचं ओझं सर्व्हिस सेंटरवर टाका: ‘जळालेल्या भागाचा फोटो द्या आणि कारण लेखी द्या.’

अर्धा पडदा जातो कसा, हे थोडं समजून घ्या, कारण पुढं कुणाशीही बोलताना ते कामाला येतं. पडद्याच्या काचेला कडेनं पातळ, फिल्मसारख्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्यांवर चित्र चालवणाऱ्या चिप असतात. मेकॅनिक लोक त्याला सीओएफ म्हणतात. या पट्ट्या काचेला उष्णता आणि दाब देऊन जोडतात, त्याला बाँडिंग म्हणतात. बाँडिंग कच्चं राहिलं तर टीव्ही तापण्या-निवण्यात ते हळूहळू सुटत जातं: आधी थरथर, मग एखादी उभी रेघ, मग रेघांचा पट्टा. आणि टी-कॉन नावाच्या छोट्या बोर्डातून डाव्या-उजव्या बाजूला दोन चपट्या केबल जातात. त्यातल्या एका बाजूचा पुरवठा खाली बसला की तेवढा अर्धा भाग काळा होतो. तुम्ही सांगितलेला क्रम याच्याशी तंतोतंत जुळतो. हल्लीच्या पुष्कळ पॅनेलमध्ये टी-कॉन पॅनेललाच जोडलेला असतो, सुटा मिळत नाही, त्यामुळं सर्व्हिस सेंटर ‘पूर्ण पॅनेल’ एवढंच सांगतं.

एक गोष्ट मात्र मनाशी खरी खरी तपासा. पडदा कधी ओल्या फडक्यानं किंवा स्प्रे मारून पुसला होता का? पाणी ओघळून खालच्या पट्टीत शिरलं की याच पट्ट्यांना गंज चढतो आणि दिसणारा दोष हुबेहूब असाच असतो. तसं असेल तर कंपनी टीव्ही उघडून डाग दाखवील आणि तुमचा दावा तिथंच कोसळेल. तसं नसेल तर लेखी ठामपणे सांगा की पडद्याला पाणी, मार काही लागलेलं नाही.

टीव्ही सध्या कुणालाही उघडू देऊ नका. ओळखीचा मेकॅनिक ‘बघतो तर खरं’ म्हणाला तरी नाही. मागचं सील तुटलं की कंपनीला आयतं कारण मिळतं. शिवाय पॉवर बोर्डवरचा मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ तीनशेच्या वर व्होल्ट धरून बसतो. फक्त चालू अवस्थेतला व्हिडिओ काढा: सेट-टॉप बॉक्सवर, मग पेन ड्राइव्हवर, मग टीव्हीच्या स्वतःच्या मेनूवर. मेनूसुद्धा उजवीकडं काळाच दिसत असेल तर दोष केबलचा किंवा बॉक्सचा नाही, हे तिथंच सिद्ध झालं. व्हिडिओच्या शेवटी मागच्या लेबलवरचा सीरियल नंबर घ्या.

कायद्याचं म्हणाल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘दोष’ या शब्दाची व्याख्या वॉरंटीच्या मुदतीला बांधलेली नाही. कायद्यानं किंवा कराराने, उघड वा गृहीत धरलेली, जी गुणवत्ता असायला हवी तिच्यातली कुठलीही उणीव म्हणजे दोष. मालविक्री कायदा, १९३० मधल्या कलम १६ नुसार विकलेला माल विकण्यायोग्य दर्जाचा असणं बऱ्याच व्यवहारांत गृहीतच धरलेलं असतं. बत्तीस हजारांचा टीव्ही चौदाव्या महिन्यात अर्धा जावा, ही अपेक्षा कुणाचीच नसते. मात्र याचा उलटा अर्थ काढू नका. वॉरंटी संपल्यावर दोष निर्मितीतलाच आहे हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि तज्ज्ञाचा कागद नसल्यामुळं फेटाळल्या गेलेल्या तक्रारी थोड्याथोडक्या नाहीत. सहाव्या वर्षी टीव्ही गेला असता तर हे पत्र मी दोन ओळींत संपवलं असतं.

याच कायद्यात उत्पादन दायित्व म्हणून वेगळं प्रकरण आहे, मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत त्याचा फार उदोउदो असतो. ते तुमच्या कामाचं नाही. त्यातल्या ‘हानी’त खुद्द वस्तूचं नुकसान धरत नाहीत. टीव्ही फुटून कपाट जळलं असतं किंवा कुणाला इजा झाली असती, तर ते कलम लागलं असतं.

आता कामाला लागा. पहिलं पाऊल ईमेल. फोन करून काही उपयोग नाही. कॉल सेंटरवरची मुलगी गोड बोलेल आणि कागदावर काहीच उरणार नाही. खोक्यावर ग्राहक सेवेचा पत्ता आणि ईमेल छापणं कंपनीला बंधनकारक आहे. तो आणि वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता असेल तर तोही घ्या, दुकानदाराला प्रत ठेवा. मजकूर असा चालेल:

‘मी दि. … रोजी बिल क्र. … अन्वये मॉडेल … (सीरियल नंबर …) हा टीव्ही ३१,९९० रुपयांना विकत घेतला. वॉरंटीच्या मुदतीत, ऑगस्ट २०२५ मध्ये, पडद्याच्या उजव्या बाजूच्या चित्रात दोष असल्याची तक्रार क्र. … नोंदवली होती. तुमच्या तंत्रज्ञाने केवळ सॉफ्टवेअर अद्ययावत केले. दोष दूर झाला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच बाजूचा पडदा बंद पडला. पडद्याला पाणी वा मार लागलेला नाही, पॉवर बोर्ड चालू आहे. तरी (१) पॅनेल विनामूल्य बदलून द्यावे; (२) दोष व्होल्टेजमुळे असल्याचे तुमचे म्हणणे असल्यास तपासणी अहवाल व फोटो द्यावेत; (३) माझ्या सर्व तक्रारींच्या नोंदी द्याव्यात. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.’

बिल सासऱ्यांच्या नावावर आहे, तर ईमेल आणि पुढची तक्रार त्यांच्याच नावानं करा. खरेदीदाराच्या संमतीनं वस्तू वापरणारी व्यक्तीही कायद्याच्या नजरेत ग्राहक आहे, त्यामुळं तुम्ही केलीत तरी चूक नाही; पण कंपनीच्या वकिलाला पहिल्याच तारखेला फाटे फोडायला जागा कशाला द्यायची? हाच मजकूर छापून, सासऱ्यांची सही घेऊन, कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टानं पोचपावतीसह पाठवा. वकिलाची नोटीस लागते हा गैरसमज आहे.

ईमेलनंतर आठवडाभर वाट बघून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार घाला, मराठीत बोलता येतं. तक्रार क्रमांक जपून ठेवा. हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे, ती हुकूम देत नाही; ती तक्रार कंपनीच्या वरच्या कार्यालयात पोहोचवते. तेवढ्यानंही पुष्कळदा फरक पडतो, कारण लातूरच्या सर्व्हिस सेंटरला पॅनेल फुकट द्यायचा अधिकारच नसतो, तो वर असतो. तिथून बहुधा फोन येईल: पॅनेलच्या किमतीत अमुक टक्के सूट. पहिल्या फोनवर हो म्हणू नका. ‘ऑगस्टची तक्रार वॉरंटीतली आहे, पॅनेलचे पैसे देणार नाही, फार तर बसवण्याची मजुरी देईन,’ असं सांगा आणि तेच ईमेलवर लिहा. अर्ध्यावर तुटत असेल तर विचार करायला हरकत नाही, पण बदललेल्या पॅनेलला किती महिन्यांची हमी, हे लेखी घेतल्याशिवाय नाही. मोबाइलच्या पडद्यावर उभी हिरवी रेघ येण्याचा प्रकार गाजला तेव्हा काही कंपन्यांनी वॉरंटीबाहेरच्या फोनचेही पडदे फुकट बदलून दिले होते, ते ग्राहकांच्या तक्रारींचा ढीग पडल्यावरच. तेव्हा ‘पॉलिसीत बसत नाही’ हे शेवटचं वाक्य समजू नका.

इथं मिटलं नाही तर लातूरचा जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं कार्यालय दिल्लीत असो की चेन्नईत, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य. वकील लावायची सक्ती नाही. तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, आणि दरवेळी उदगीरहून जाणं जमत नसेल तर व्हिडिओद्वारे सुनावणीसाठी अर्ज करता येतो. तक्रारीत कंपनी, दुकानदार आणि सर्व्हिस सेंटर तिघांनाही पक्षकार करा. दुकानदाराला सोडलंत तर ते एकमेकांकडं बोट दाखवत बसतील. सोबत बिल, वॉरंटी कार्ड, ऑगस्टचा मेसेज, डिसेंबरचं कोटेशन, तपासणी फीची पावती, ईमेल, पोचपावती, लेबलचा फोटो आणि नोटरी केलेलं शपथपत्र जोडा. तारखेनुसार लावा आणि पानांना क्रमांक घाला. तपासणीची पावती दिली नसेल तर आजच मागा. पैसे घेऊन पावती न देणं हा स्वतंत्र गैरप्रकार आहे.

मुदत दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडल्यापासून. ते डिसेंबर २०२५ ला घडलं असं म्हणता येईल, पण सावधगिरी म्हणून ऑगस्ट २०२५ पासून मोजा आणि ऑगस्ट २०२७ च्या आत, खरं तर पुढच्या दोन-तीन महिन्यांतच दाखल करा.

पुराव्याचं काय? आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, तिची फी आधी तुम्हाला भरावी लागू शकते. दुसरा मार्ग म्हणजे तंत्रनिकेतनातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्राध्यापकाचा किंवा अनुभवी टीव्ही मेकॅनिकचा अहवाल, शपथपत्रासह. त्यासाठी टीव्ही उघडावा लागेल, तेव्हा आधी कंपनीला ईमेलनं तारीख-वेळ कळवून ‘तुमचा माणूस हजर ठेवा’ म्हणा. आला नाही तर त्यांचा प्रश्न. उघडताना सलग व्हिडिओ काढा: सील, पॉवर बोर्ड, फ्यूज, व्हॅरिस्टर, खालची कड आणि उजव्या बाजूच्या पट्ट्या. अहवालात तीनच गोष्टी स्वच्छ हव्यात: पॉवर बोर्ड शाबूत आहे, ओलाव्याची किंवा माराची खूण नाही, आणि दोष उजव्या बाजूच्या जोडणीत आहे.

मागणी बेताची ठेवा. वॉरंटीखाली सदोष भाग बदलून मिळणं हा मुख्य हक्क आहे, अख्खी वस्तू नवी मिळणं नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये मारुतीच्या एका प्रकरणात हेच म्हटलं होतं. म्हणून पहिली मागणी पॅनेल विनामूल्य बदलण्याची, ते शक्य नसल्यास किंमत व्याजासह परत, शिवाय तपासणीची फी, त्रासाबद्दल पाच-दहा हजार आणि तक्रारीचा खर्च. दोन लाखांची भरपाई मागितली की आयोगासमोर आपलंच वजन कमी होतं. चाचणी लागली तर पाच महिन्यांत, न लागली तर तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ लागेल असं धरून चाला. निकाल तुमच्या बाजूनं लागून कंपनीला अपिलात जायचं असेल, तर हुकमातल्या रकमेच्या निम्मे पैसे आधी भरावे लागतात. एवढ्या रकमेसाठी तो उपद्व्याप करायचा की पॅनेल देऊन मोकळं व्हायचं, हा हिशेब त्यांचा वकीलही करतोच.

तोवर घरात टीव्ही हवाच असेल तर ३२ इंची साधा घ्या किंवा नातेवाइकांचा पडून असलेला आणा, पण हा बाजूला झाकून ठेवा. सगळं थकलं, दाद मागायची नाही असं ठरलं, तरच बाहेरच्या मेकॅनिककडं जा. मोठ्या शहरांत बाँडिंगचं मशीन असलेले कारागीर आहेत आणि कंपनीच्या पॅनेलपेक्षा पुष्कळ कमी पैशात, काही हजारांत, काम होतं. ‘रेघ परत आली तर तीन महिन्यांत फुकट’ असं पावतीवर लिहून घ्या, आणि टीव्ही उभाच न्या, आडवा टाकून नाही. काच तडकली की मग कुणाचीच जबाबदारी राहत नाही.